सिताबाईचा हातगुण

सिताबाईच्या आवळ्याच्या काढ्याने फिकट पडलेल्या गर्भार बायकांना वीस वर्षे तजेला येत असे. १९५६च्या संक्रांतीपासून तो कुणालाच लागू पडेना. ईट गावच्या बाजारातली गिऱ्हाइके तुटली त्याचे एवढे नव्हते. सातवा महिना लागलेली तिची लेकच पांढरीफटक पडली होती. “माझा हातगुण सरला, बाई,” सिताबाई घरी आलेल्या नर्सबाईंना म्हणाली. त्यांनी काढा उजेडात धरला. “पूर्वीही असाच पिवळा?” “न्हाय. काळाभोर व्हायचा.” चुलीवर चकचकीत जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, पातेले होते. “हे कधी घेतलंत?” “संक्रांतीला,” नवरा सिदू ओशाळून म्हणाला. “लोखंडी कढई उचलताना हिचं मनगट लई दुखायचं.” सिताबाईने चमकून पाहिले, दुखत असल्याचे ती कधी बोलली नव्हती. “कढईच चढवा,” नर्सबाई म्हणाल्या. “चढवतो. उचलीन मीच.” रक्ताला हवे ते लोह आंबट आवळा कढईतून ओढून घेई, पातेल्यात ते नव्हते.