दोराचे दोन घेर

"हे काय मांडलंय, बाई? आधी तो दोर गुंडाळा!"

शाळा तपासायला आलेले दिपोटी साहेब फाटकातूनच ओरडले. तलासरीजवळच्या पाड्यावरची एका शिक्षिकेची शाळा. अंगणात दोराचे दोन मोठे घेर, एकमेकांवर थोडे चढलेले, आणि पोरं आपापली जागा धरायला धावत होती.

"गणित आहे, साहेब," चंद्राबाई म्हणाल्या. त्या नरपडच्या मच्छीमाराच्या लेक, दोरही बापाच्या होडीवरचा. हळू बोलणं त्यांना जमतच नसे. "डहाणूच्या शिबिरात शिकवलं. या घेरात गवत कापायला जाणारे, त्या घेरात वाचता येणारे, आणि..."

"आणि बिणी काही नको. पोरखेळ नुसता!"

दोर गुंडाळला. पोरं वर्गात येऊन बसली. हजेरी तिसाच्या खाली गेली की शाळा बंद, असा हुकूम होता. आणि साहेब उगवले ते नेमके गवताच्या हंगामात, अर्धा पाडा कुरणात असताना. मुद्दामच, दुसरं काय!

"बंदच करून टाकतो," साहेब म्हणाले. "या पोरांना शाळा म्हणजे गाढवापुढे वाचली गीता."

"करा की. मी झाडाखाली शिकवीन. झाड बंद करायचा हुकूम आणाल का?"

साहेबांनी कागदावर दोन रकाने आखले. एक मजुरीवाल्यांचा, एक शिकणाऱ्यांचा.

"साहेब, सरळ एकेक डोकं मोजा ना," बाई म्हणाल्या.

"मला मोजणी शिकवता? मजुरीवाला शिकत नाही आणि शिकणारा मजुरीला जात नाही. वीस वर्षं बघतोय मी. चला, गवत कापणारे, हात वर!"

अठरा हात वर आले. साहेबांनी आकडा टाकला.

"आता वाचता येणारे!"

पंधरा.

"थापा नकोत. ए पोरी, तू वाच."

लाडकी उठली. विळ्याने कापलेल्या बोटाला चिंधी बांधलेली, त्याच बोटाने ओळ धरून तिने अख्खा धडा घडाघडा वाचला. साहेब घड्याळाकडे बघत होते. तलासरीची बस गाठायची होती.

"अठरा नि पंधरा, तेहतीस," ते कडू तोंडाने पुटपुटले. शाळा चालू ठेवावी, असं लिहून त्यांनी सही ठोकली आणि तरातरा निघून गेले.

ते वळणाआड होईपर्यंत बाई दारातच उभ्या होत्या. मग त्यांनी दोर पुन्हा अंगणात पसरला.

"हं, राहिलेलं गणित पुरं करा."

पोरं धावली. गवताच्या बाजूला सात जण थांबले, वाचनाच्या बाजूला चार. बाकीची अकरा पोरं, लाडकी सगळ्यांत पुढे, दोन्ही घेरांच्या मधल्या जागेत दाटीवाटीने उभी राहिली.

"आता सांगा, आपण एकूण किती?"

"बावीस, बाई," लाडकी म्हणाली. "आमी मधल्यांनी दोनदा हात वर केले."