आत घेतलेली शिवण

“अजून आत घ्यायचा?” टाचण्या ओठांत धरून टेलरमास्तरांनी विचारलं. बायकोचा हा ब्लाउज त्यांनी याआधीच दोनदा आत घेतला होता.

“घ्या की. शिंपी घरचाच आहे.”

प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी मास्तरांना दर महिन्याला हार्मोनचं इंजेक्शन होतं. कॅन्सर गप्प बसला, पण रक्तातली चरबी वाढत चालली. “या इंजेक्शननं असं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “पण ते थांबवायचं नाही. खाणं सांभाळा.”

मास्तरांचा थोरला भाऊ हार्ट अ‍ॅटॅकनं गेलेला. बायकोनं धसकाच घेतला. तेल, लोणी, तळण घरातून हद्दपार झालं. वर बाईसाहेबांचा हट्ट असा, की नवऱ्याच्या ताटात नाही ते आपल्याही ताटात नाही.

मास्तरांना त्याचं काही वाटत नव्हतं. इंजेक्शनं सुरू झाल्यापासून त्यांना कशाचंच काही वाटत नसे. उकडलेला भोपळा काय नि तळलेले बटाटे काय. फक्त बायकोच्या कमरेभोवती टेप फिरवताना हात थांबायचा.

“तू तरी नीट जेव गं.”

“तुमचा रिपोर्ट सुधारू दे. मग हाणते पोटभर.”

“बरं,” मास्तर म्हणाले.

महिना भरला की ते फ्रिजमधला इंजेक्शनचा खोका रुमालात गुंडाळून दवाखान्यात म्हणून निघत, कंबर चोळत परत येत. सोबत कुणी नको असे.

इंजेक्शनं सुरू झाल्यापासून रात्री फुटणारे घाम हळूहळू थांबले. एका पहाटे मास्तरांनी चक्क चादर मागितली. दाढीही पुन्हा रोज करावी लागू लागली.

“बघा, पथ्याचा गुण!” बायको म्हणाली.

रिपोर्ट आला. चरबी झपकन खाली.

“वहिनी, कमाल केलीत!” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुढच्या महिन्यात कॅन्सरची तपासणी. तीही अशीच येऊ दे.”

बायको तिथेच रडली, मग स्वतःलाच हसली. घरी येऊन तिनं कढई काढली, बटाटे तळले. मास्तर समोर बसून तिला खाताना बघत राहिले.

“अजून घे,” ते म्हणाले. कित्येक महिन्यांनी त्यांचे डोळे भरून आले होते.

जेवून मास्तर आडवे झाले. हा ब्लाउज आता उसवायला हवा, असं मनाशी म्हणत बायको कात्री शोधायला मशीनपाशी गेली. तिनं खालचा खण ओढला.

दोऱ्याच्या रिळांमागे तीन खोके होते. एकाचंही सील तुटलेलं नव्हतं.