दीक्षाचे दहा सेकंद

तंबाखूची डबी उघडली की घरच्या मुलाचं दहा सेकंदांचं रेकॉर्डिंग वाजायलाच हवं, असा कायदा होता. त्यासाठी दरवर्षी शाळेत नवं रेकॉर्डिंग व्हायचं आणि ते भरलेली नवी डबी घरी यायची. गेल्या वर्षी दीक्षा "पप्पा, नका ना खाऊ," म्हणत चक्क रडली होती.

आणि परवा ट्रक घेऊन परतलेले पप्पा कौतुकाने म्हणाले, "रस्त्यात तुझी आठवण आली की डबी उघडतो बघ! उघडलीच आहे, तर मग चिमूटभर खातो."

आज दीक्षा माइकसमोर ओठ घट्ट मिटून उभी राहिली. दहा सेकंद संपले.

"अगं, मुकी झालीस का?" बनसोडे मॅडम ओरडल्या.

"मॅडम, कायद्यात दहा सेकंद लिहिलेत. बोलायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

मॅडमनी हसू दाबत शिक्का मारला.

चार दिवसांनी भरदुपारी धाब्यावरून पप्पांचा फोन आला. "दीक्षे, नवी डबी बिघडलेली दिसते. तुझा आवाजच येईना!"

"येणारच नाही. आवाज आता फोनवरच मिळेल, हवा तितका. डबी कुठाय?"

"हातात."

"बंद करा आधी. मग गप्पा."

पलीकडे झाकण टक्कन बसलं. मग दीक्षाने जी बडबड सुरू केली, ती पप्पांचा चहा पार गार होईपर्यंत थांबलीच नाही.