कड्याने ठेवून घेतलेला आवाज

युटामधल्या त्या दरीच्या तोंडाशी ऑरिनने मोटारहोम उभी केली, तेव्हा दुपारच्या उन्हात खडक लालभडक तापले होते. डॉक्टरांनी त्याला घराबाहेर पडू नको म्हणून बजावलं होतं. त्यावर त्याच्या बायकोने, व्हर्नाने, घरच विकून ही गाडी घेतली होती.

दरीत शिरताच व्हर्नाने आरोळी ठोकली, "कोण आहे रे तिकडे?" समोरच्या कड्याने ती जशीच्या तशी परत केली. दोघंही हसली.

मग ऑरिन ओरडला, "व्हर्ना!"

काहीच परत आलं नाही. तो पुन्हा ओरडला. त्याचा आवाज आत गेला आणि तिकडेच राहिला.

"घसा बसलाय माझा," तो म्हणाला.

"काल दिवसभर गात होतास की! चल, गाडीत चल."

"थांब गं. बरं वाटतंय इथे." तो कड्याकडे सरकला.

व्हर्नाने त्याचा दंड धरला. पोरं, डॉक्टर, सगळ्यांशी भांडून तिने त्याला इथवर आणलं होतं. ती कड्यासमोर ताठ उभी राहून कडाडली, "हा माझा आहे! तुला मिळणार नाही!"

"हा माझा आहे! तुला मिळणार नाही!" कडा तिच्याच आवाजात म्हणाला.

ओठ घट्ट मिटून ती ऑरिनला गाडीकडे ओढू लागली. तेवढ्यात तिचाच आवाज पुन्हा आला, अगदी पाठीमागून, लाडिक.

"ऑरिन!"

"आलो गं," म्हणत ऑरिन मागे वळला.

व्हर्नाने पकड सोडली नाही.