नाकात बोळे

चौऱ्याहत्तर साली आटपाडीच्या ज्ञानूचं मिरजेत नाकाचं ऑपरेशन झालं. दोन्ही नाकपुड्यांत बोळे ठासून भरल्यामुळं तो 'मामा' म्हणायला गेला की 'बाबा' ऐकू यायचं आणि 'नको' म्हटलं की 'दको'.

थोरला भाऊ लालासाहेब जनाच्या लाजेनं भेटायला आला, पण दारातच थांबला. विहिरीच्या पाण्यावरून भांडण झाल्यापासून ज्ञानूनं त्याला एकदाही 'दादा' म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात पडल्यापडल्या, डोळे मिटूनच ज्ञानू म्हणाला, "दादा, जरा पाडी."

लालासाहेबाला भरून आलं. उशाशी बसून त्यानं तांब्या भावाच्या तोंडाशी नेला. "पी रं. हिरीचं पाणीबी तूच घे गड्या."



हाक वॉर्डबॉय नानाला होती, हे सांगायला ज्ञानूनं तोंड उघडलं आणि पाणी पिऊन घेतलं.