काचेवरचा टिळा

मनकलाने काचेवर बोट टेकवलं. पलीकडून तिच्या भावाने, लोकबहादुरने, नेमकं तिथेच कपाळ टेकवलं. सात रंगांचा टिळा काचेला लागला. कपाळ कोरडंच राहिलं.

तिहारातला, म्हणजे नेपाळी दिवाळीतला, भाईटीकेचा दिवस; तिथली भाऊबीज. बहिणीचं बोट भावाच्या कपाळाला लागलं नाही, तर यमाची नजर त्याच्यावरून हटत नाही. लोकबहादुर तर उन्हाळ्यापासून खोकत होता. आणि मुहूर्त टळत चालला होता.

तुरुंगाचा मुख्य अधिकारी, हाकिम टेकनाथ घिमिरे, दारातून हे पाहत होता. राजाच्या अमलात तो याच तुरुंगात राजकीय कैदी होता. तेव्हा इथे गंजलेली जाळी होती, आणि तिच्यातून हात घालू द्यायला शिपाई पैसे घेत. एका तिहाराला त्याच्या बहिणीने त्यासाठी कानातलं विकलं होतं. राजा गेला, टेकनाथ हाकिम होऊन आला, आणि आल्या आल्या त्याने ती जाळी उखडून टाकली. आता स्वच्छ खोली होती, बसायला खुर्च्या, बोलायला फोन, मध्ये अखंड काच. हातच आत जाणार नाही, तर लाच कशाची? हिशेब चोख होता. त्यात फक्त तिहार धरायचा राहिला होता.

मनकला त्याच्यापाशी आली. मुठीत घडी घातलेली नोट होती.

"ठेवा ती, दिदी," टेकनाथ समाधानाने म्हणाला. "आता इथे कुणी पैसे घेत नाही."

"तेच विचारायला आलेय, हाकिमसाहेब. पूर्वी दिले की बोट भावापर्यंत पोचायचं. आता कुणाला देऊ?"

टेकनाथचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला. बहिणीने मघाशी लावलेला टिळा अजून ओला होता.

त्याने हवालदार पूर्णबहादुरला आतलं दार उघडायला सांगितलं. पूर्णबहादुरने दोन्ही राजवटी याच फाटकावर काढल्या होत्या. त्याने कुलूप काढलं. मखमली फुलांच्या माळा सावरत भेटीला आलेल्या सगळ्या बहिणी आत गेल्या. यमाला अडवायला रीतीप्रमाणे उंबऱ्यावर अक्रोड फुटू लागले.

"दार उघडतं हे आज सगळ्यांना कळलं, हाकिमसाहेब," पूर्णबहादुर हळूच म्हणाला. "उद्या त्याचा भाव फुटेल."

"म्हणून आजपासून किल्ली माझ्याकडे."

पूर्णबहादुरने किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.

"जुने हाकिमसाहेबही पहिल्या तिहाराला हेच म्हणाले होते."