नुसतंच सॉव्हिनियॉन

द्राक्षांचे मणी मऊ पडून त्यांत पाणी उतरल्याला महिना झाला, तरी वैजयंताच्या बागेत एकही मणी लाल होईना. वायनरीला लाल वाईनचं कॅबर्ने सॉव्हिनियॉन द्राक्ष हवं होतं. सासऱ्यांची खायच्या द्राक्षांची बाग तिनेच हट्टाने उपटायला लावली होती. नर्सरीत रोपं घेताना मात्र नुसतंच म्हणाली होती, "सॉव्हिनियॉन द्या."

पांढऱ्या वाईनचंही एक सॉव्हिनियॉन असतं, हे तिला काल कळलं. तरी ती वाकून घड न् घड उलटून पाहत होती. एक तरी मणी लाल होऊ दे रे देवा!

"रंग उशिरा येईल, मामंजी," मागे पावलं वाजताच ती म्हणाली.

सासऱ्यांनी हिरवा मणी तोडून तोंडात टाकला.

"कशाची वाट बघती, पोरी? साखर झालीय याची. हा पिकलाय."